अंध खेळाडू आणि कॅसिनो: पार्श्वभूमी

स्लॉट मशीन खेळणं अंध माणसाला आजच्यापेक्षा शंभर वर्षांपूर्वी सोपं होतं. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सॅन फ्रान्सिस्कोत चार्ल्स फे यांनी बनवलेल्या ‘लिबर्टी बेल’ला तीन चाकं आणि बाजूला दांडा होता. नाणं टाकायचं, दांडा ओढायचा, चाकं एकेक करून थांबताना ऐकायची. जिंकलं तर नाणी खाली पडत. ती मोजायला डोळे लागत नसत. ही सोय कुणी मुद्दाम केलेली नव्हती, म्हणून ती काढून घेताना कुणाला विचारावंही लागलं नाही.

१९७६ मध्ये चाकांच्या जागी पडदा आला. २००० च्या सुमारास नाण्यांऐवजी बारकोडची चिठ्ठी निघू लागली. तिच्यावर रक्कम छापलेली, पण बोटांना ती कोरीच. नोट सरकवावी, तर अमेरिकेतल्या सगळ्या नोटा एकाच आकाराच्या. त्यावरून ‘अमेरिकन कौन्सिल ऑफ द ब्लाइंड’ या अंधांच्या संघटनेने सरकारवर खटला भरला आणि २००८ मध्ये अपिलातही जिंकला. नाण्यांचा खणखणाट आता स्पीकरमधून येतो, आणि तो भरवशाचा नाही. लावलेल्या पैशांपेक्षा कमी परत आले, तरी अनेक यंत्रं जिंकल्यासारखी वाजतात. डोळस माणूस निदान आकडा पाहू शकतो.

टेबलावर बरं, कारण तिथे माणूस असतो. ब्लॅकजॅक या पत्त्यांच्या खेळात खेळाडूंचे पत्ते बहुधा उघडेच वाटतात. डीलरने, म्हणजे पत्ते वाटणाऱ्याने, वाचून दाखवले तर कुणाचं काही बिघडत नाही. पोकरचे पत्ते झाकलेले. ब्रेलचे पत्ते घरी चालतात, पण कॅसिनोत बोटाला कळणारी खूण म्हणजे लबाडीच! मग कानात पत्ता सांगणारा विश्वासू सोबती शोधावा लागतो.

१९९० च्या अमेरिकी अपंगत्व कायद्याखाली कॅसिनोही येतात. त्याच्या २०१० च्या मानकांनी एटीएमला बोलायला लावलं, स्लॉट मशीनला नाही. म्हणजे पैसे देणारं यंत्र बोलतं, गिळणारं गप्प. मूलनिवासी जमातींच्या कॅसिनोंत पेच आणखी वेगळा: फ्लोरिडातल्या मिकोसुकी जमातीविरुद्धच्या १९९९ च्या खटल्यात अपील न्यायालय म्हणालं की कायदा लागू आहे, पण खाजगी व्यक्तीला जमातीवर दावा लावता येणार नाही.

गोव्यात १९९२ च्या दुरुस्तीने पंचतारांकित हॉटेलांत स्लॉट मशीन आली, १९९६ च्या दुरुस्तीने जहाजांवरच्या टेबलांची वाट मोकळी झाली. आपल्या नोटा लांबीने वेगळ्या, एवढा फायदा आहे. २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा खाजगी सेवांनाही बांधतो. पण जहाजावर चढता येणं पुरे की हातातला पत्ताही कळायला हवा, हे त्यात उलगडलेलं नाही.