आम्लं कोणाच्या वाट्याला?

गाय गवत खाते, पण गवतातलं सेल्युलोज तोडणारं विकर तिच्या शरीरात तयारच होत नाही. ते घोड्याकडेही नाही आणि आपल्याकडेही नाही. हे काम सूक्ष्मजीव करतात. त्यांना हवी असते उबदार, ओलसर, ऑक्सिजन नसलेली जागा आणि पुरेसा वेळ. अशी जागा गायीच्या कोटीपोटात (तिच्या चार कप्प्यांच्या पोटातल्या पहिल्या, सर्वांत मोठ्या कप्प्यात) असते, माणसाच्या मोठ्या आतड्यात असते आणि सांडपाणी शुद्धीकरण केंद्रातल्या बंद टाकीतही असते. तिन्ही ठिकाणी घडणारं रसायन बरंचसं एकच आहे. मधल्या टप्प्यावर जी आम्लं तयार होतात ती कोण उचलतं, यावर मात्र पुढचं सगळं ठरतं.

गायीपासून सुरुवात करू, कारण या कामात ती सर्वांत मुरलेली. मोठ्या गायीच्या कोटीपोटात शंभर लिटरहून जास्त ऐवज मावतो आणि तिथलं तापमान 39 अंशांच्या आसपास असतं. जिवाणू, आदिजीव आणि बुरशी मिळून सेल्युलोजच्या लांब साखळ्या तोडतात, सुटलेली साखर लगेच आंबवतात आणि त्यातून ॲसिटिक, प्रोपिओनिक आणि ब्युटिरिक ही आम्लं तयार होतात. कोटीपोटाची भिंत ती शोषून घेते. गायीला मिळणाऱ्या ऊर्जेपैकी सुमारे 70 टक्के ऊर्जा या आम्लांतून येते. म्हणजे गाय गवतावर जगते हे अर्धसत्य आहे; ती जगते सूक्ष्मजीवांनी टाकून दिलेल्या आम्लांवर.

इतकं आम्ल सतत तयार होत असताना कोटीपोट आंबट का होत नाही? एक कारण शोषणाचं, दुसरं लाळेचं. गाय दिवसाला शंभर लिटरहून जास्त लाळ गिळते आणि त्या लाळेत आम्ल मारणारं बायकार्बोनेट असतं. रवंथ केल्याने चारा बारीक होतो हे आपण शाळेत शिकतो, पण रवंथ करताना भरपूर लाळ पोटात जाते, हा फायदाही तितकाच मोलाचा आहे.

आंबवण्याच्या या प्रक्रियेत हायड्रोजनही सुटतो. तो साठत गेला तर आंबवणंच अडखळतं. तो उचलतात आर्किया गटातले सूक्ष्मजीव. हायड्रोजन आणि कार्बन डायऑक्साइड यांच्यापासून ते मिथेन बनवतात. एक गाय दिवसाला 250 ते 500 लिटर मिथेन बाहेर टाकते आणि त्यातला बहुतेक ढेकरांवाटे तोंडातून जातो. विनोद मात्र नेहमी दुसऱ्या टोकावर होतात. खाद्यातल्या एकूण ऊर्जेचा 2 ते 12 टक्के भाग या वायूबरोबर निघून जातो, म्हणजे हवामानाचा प्रश्न बाजूला ठेवला तरी गायीचं नुकसान आहेच.

गायीचा हिशोब इथे संपत नाही. कोटीपोटातला ऐवज पुढे सरकतो तेव्हा त्याच्यासोबत सूक्ष्मजीवही पोटाच्या चौथ्या कप्प्यात जातात. तिथे खरं जठराम्ल आहे, आणि लायसोझाइमही. आपल्या अश्रूंमध्ये हेच लायसोझाइम जिवाणूंची भिंत फोडून डोळ्यांचं रक्षण करतं. गायीने त्याला पचनाच्या कामाला लावलं आहे. पानं खाणाऱ्या वानरांमध्येही उत्क्रांतीने हीच युक्ती स्वतंत्रपणे घडवली. अशा रीतीने गायीला लागणाऱ्या प्रथिनांचा मोठा भाग तिने पोटात पोसलेल्या जिवाणूंच्याच शरीरांतून मिळतो.

माणसात हा क्रम उलटा आहे. आपलं जठराम्ल सुरुवातीलाच बहुतेक जिवाणूंचा निकाल लावतं, मग लहान आतड्यात आपली विकरं साखर, प्रथिनं आणि मेद वेगळे करून शोषतात. सूक्ष्मजीवांच्या वाट्याला उरतात ते आपल्याला न पचणारे तंतू, तेही शेवटच्या टप्प्यात. मोठ्या आतड्यात त्यांचं आंबवणं होतं आणि तीच तीन आम्लं तयार होतात. आपल्या ऊर्जेत त्यांचा वाटा फार तर 10 टक्क्यांच्या आसपास. पण ब्युटिरिक आम्ल हे मोठ्या आतड्याच्या अस्तरातल्या पेशींचं मुख्य इंधन आहे, त्यामुळे तंतू म्हणजे नुसता चोथा हा समज चुकीचा. इथे तयार झालेला हायड्रोजन थोडा रक्तात उतरतो आणि श्वासावाटे बाहेर पडतो. दुधातली साखर पचते की नाही हे फुंकर मारून तपासता येतं ते यामुळेच. मिथेन मात्र सगळ्यांच्या श्वासात सापडत नाही, काही जणांच्याच सापडतो.

शेवटच्या टप्प्यावर आंबवण्यात एक तोटा आहे: तिथे वाढलेल्या जिवाणूंची प्रथिनं शरीराला फारशी मिळत नाहीत, ती शौचावाटे जातात. घोड्याचंही तेच. सशाने यावर उपाय काढलाय, तो आपल्या मऊ लेंड्या पुन्हा खातो.

आता टाकीकडे. 1895 साली इंग्लंडमधल्या एक्सेटर शहरात डोनाल्ड कॅमेरॉन यांनी सांडपाण्यासाठी बंद टाकी बांधली आणि तिच्यातल्या वायूवर दिवे लावले गेले. आजच्या मोठ्या केंद्रांमध्ये आधी सांडपाण्यात हवा सोडतात. ऑक्सिजनवर जगणारे जिवाणू घाण झपाट्याने खातात, पण खाल्लेल्यापैकी जवळपास निम्म्याचं शरीर बनवतात. पाणी स्वच्छ होतं आणि जिवाणूंच्या गाळाचा ढीग उरतो. हा गाळ मग ऑक्सिजन नसलेल्या टाकीत जातो. तिथल्या जीवांना खाण्यातून ऊर्जाच इतकी कमी मिळते, की त्यांचं शरीर जेमतेम वाढतं. बरीचशी ऊर्जा मिथेनमध्ये तशीच शिल्लक राहते. ती जाळून वीज आणि उष्णता मिळवता येते.

टाकीला शोषून घेणारी भिंत नाही. तयार झालेली आम्लं टाकीतल्याच कोणीतरी संपवली पाहिजेत. ॲसिटिक आम्लापासून मिथेन बनवणारे आर्किया हे काम करतात, पण ते अतिशय संथ वाढतात. त्यांची संख्या दुप्पट व्हायला काही दिवस लागू शकतात. कोटीपोटातला ऐवज एक-दोन दिवसांत पुढे सरकतो, त्यामुळे तिथे त्यांचा टिकाव लागत नाही आणि ॲसिटिक आम्ल गायीसाठी शिल्लक राहतं. टाकीत 35 ते 37 अंशांना 15 ते 30 दिवस मिळतात. म्हणून तिथला सुमारे 70 टक्के मिथेन ॲसिटिक आम्लापासून येतो, तर गायीचा जवळपास सगळा हायड्रोजनपासून.

प्रोपिओनिक आम्लाची गोष्ट आणखी अवघड. ते फोडून जगणाऱ्या जिवाणूंना ऊर्जा मिळते ती भोवतालचा हायड्रोजन जवळजवळ शून्यावर असेल तरच. म्हणून ते मिथेन बनवणाऱ्यांना अगदी चिकटून राहतात. अशी भागीदारी 1967 मध्ये मार्विन ब्रायंट आणि सहकाऱ्यांनी उलगडली. अल्कोहोलपासून मिथेन बनवणारा जो एक जीव प्रयोगशाळांमध्ये अनेक वर्षं एकाच नावाने वाढवला जात होता, ते प्रत्यक्षात दोन वेगळे जीव निघाले. एक हायड्रोजन सोडत होता, दुसरा तो खात होता.

असं रहाटगाडगं बिघडतं कसं, ते बघा. गायीला अचानक भरपूर धान्य घातलं, की स्टार्च इतक्या वेगाने आंबतं की आम्ल शोषलं जाण्याआधीच साचतं. त्यात लॅक्टिक आम्ल वाढलं की कोटीपोट थंडावतं, गाय खाणं सोडते. हे आम्लीय अपचन वेळेवर आवरलं नाही तर ती दगावू शकते. टाकीत झटपट कुजणारा कचरा एकदम लोटला तरी हेच. आम्लं बनवणारे जिवाणू वेगवान, संपवणारे संथ. सामू (pH) 6.5 च्या खाली गेला की संथ मंडळी आणखी संथ होतात. टाकी सांभाळणारे म्हणून नुसत्या सामूवर विसंबत नाहीत, कारण तो उशिरा घसरतो. आम्ल किती आणि ते झेलायची टाकीची क्षमता किती, याचं गुणोत्तर ते पाहत राहतात.

दोन्हीकडे उपायही सारखेच: खाणं थांबवा, आम्ल मारायला बायकार्बोनेटसारखं काही द्या, आणि तरीही गाडी रुळावर येत नसेल तर निरोगी ठिकाणचा ऐवज आणून घाला. पशुवैद्य धडधाकट गायीच्या कोटीपोटातलं पाणी काढून आजारी गायीला पाजतात, टाकीत दुसऱ्या चालत्या टाकीतला गाळ ओततात. माणसाच्या बाबतीत कारण वेगळं असतं, पण उपाय हाच. प्रतिजैविकांनी आतड्यातली वस्ती उजाड झाल्यावर क्लॉस्ट्रिडिअम डिफिसिल हा जिवाणू माजतो. 2013 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत नेदरलँड्समधल्या डॉक्टरांनी निरोगी माणसाच्या विष्ठेचं द्रावण अशा रुग्णांच्या आतड्यात सोडलं. ते नेहमीच्या औषधापेक्षा इतकं सरस ठरलं, की ही चाचणी मुदतीआधीच थांबवण्यात आली.