टीएलएस लावलं म्हणजे सर्व्हर सुरक्षित झाला? नाही!

सर्व्हरला टीएलएस (नेटवर्कवरून जाणारा मजकूर कूटबद्ध करणारी पद्धत) लावलं की काळजी मिटली, हा समज वर्षानुवर्षं फिरतोय. टीएलएस वाटेतली चोरी रोखतं; आलेल्या मजकुरात काय दडलंय, ते बघत नाही. सप्टेंबर 2014 मध्ये बॅश या शेलमधला (कमांड वाचून चालवणाऱ्या प्रोग्राममधला) शेलशॉक दोष उघड झाला, तेव्हा एचटीटीपीएसमागचे, म्हणजे टीएलएस लावलेल्या वेब सर्व्हरवरचे, सीजीआय प्रोग्रामही (विनंती आली की सर्व्हर चालवतो ते) सुटले नाहीत. विनंतीच्या हेडरमधला मजकूर एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये (प्रोग्रामला सुरू होताना मिळणाऱ्या मूल्यांमध्ये) जायचा आणि त्यात घुसवलेली कमांड बॅश बिनदिक्कत चालवायचा.

टीएलएस सक्तीचं असलेल्या जेमिनी प्रोटोकॉलचा (वेबसारखीच पानं पोचवणाऱ्या साध्या प्रोटोकॉलचा) छोटा सर्व्हर लिहिताना खरी जपायची जागा हीच. वापरकर्त्याने पाठवलेलं नाव जोडून कमांड शेलकडे दिलीत, तर नावातला एक सेमीकोलन पुरतो. त्यापुढचं सगळं नवी कमांड म्हणून चालतं. म्हणून शेलला मध्ये घेऊच नका. प्रोग्रामचा ठरलेला पाथ आणि आर्ग्युमेंटची वेगळी यादी थेट 'एक्झेकव्हीई'ला (execve, प्रोग्राम चालू करणारा सिस्टिम कॉल) द्या. डॅशने (-) सुरू होणारी आर्ग्युमेंटं तरीही तपासावी लागतात, कारण प्रोग्राम ती ऑप्शन समजू शकतो.