हरणापर्यंत पोहोचणारा वेग

उत्तर अमेरिकेत पांढऱ्या शेपटीच्या हरणांच्या शिकारीसाठी परवाना लागतो आणि हंगामही ठरलेला असतो. तेथील अनेक शिकारी विकतच्या काडतुसांऐवजी स्वतः भरलेली काडतुसे वापरतात. एकदा उडवलेली पितळेची केस, म्हणजे काडतुसाचे कवच, पुन्हा मापात आणायची, तिच्या बुडाशी नवा प्रायमर, म्हणजे आघाताने पेटून दारूला आग लावणारी टोपी, बसवायचा, तोलून घेतलेली धूरविरहित दारू ओतायची आणि तोंडाशी गोळी दाबून बसवायची, एवढेच हे काम वरवर दिसते; परंतु या चार घटकांपैकी एक जरी बदलला तरी उरलेल्या तिघांचा हिशेब नव्याने मांडावा लागतो.

मध्यम व्यासाच्या रायफलीत हा हिशेब विशेष लक्षवेधी ठरतो. 1955 मध्ये आलेले 358 विंचेस्टर हे काडतूस म्हणजे 308 विंचेस्टरचीच केस आहे, फक्त तिची मान रुंद केलेली आहे. गोळीचा व्यास 7.82 मिलिमीटरवरून 9.09 मिलिमीटर झाला, म्हणजे तिच्या बुडाचे क्षेत्रफळ सुमारे 35 टक्क्यांनी वाढले, आणि नळीतील वायूचा दाब तेवढाच असताना गोळीला ढकलणारा जोरही त्याच प्रमाणात वाढला. याचा मोबदलाही द्यावा लागतो. रुंद नळीत गोळी थोडी पुढे सरकली तरी तिच्यामागची पोकळी झपाट्याने वाढते आणि दाब लवकर उतरतो, म्हणून तेवढ्याच वजनाच्या गोळीसाठी तुलनेने लवकर जळणारी दारू निवडावी लागते. शिवाय एकाच वजनाच्या दोन गोळ्यांपैकी जाड गोळी आखूड असते आणि हवेत आपला वेग लवकर गमावते.

माझ्या मते गोळीच्या निवडीची सुरुवात नेमकी येथूनच व्हायला हवी. नळीच्या तोंडाशी किती वेग मिळतो, हा प्रश्न बहुतेक जण आधी विचारतात. खरे तर गोळी हरणापर्यंत पोहोचते तेव्हा तिचा वेग किती उरलेला असतो, हे आधी पाहिले पाहिजे. 200 ग्रेनची, म्हणजे सुमारे 13 ग्राम वजनाची बोथट टोकाची गोळी या रायफलीतून सेकंदाला 760 मीटरच्या आसपास वेगाने निघाली, तर 180 मीटरवर तिचा वेग साधारण 570 मीटर उरतो. शिकारीची गोळी ऊतींत शिरल्यावर फुलून रुंद व्हावी अशी घडवलेली असते, आणि तिला फुलवणारा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो. ऊतींची घनता पाण्याइतकी धरली, तर 760 मीटर वेगाला गोळीच्या टोकावर वातावरणाच्या सुमारे 2,800 पट दाब येतो आणि 570 मीटर वेगाला तो 1,600 पटींवर उतरतो. वेग चतुर्थांशाने घटला, पण दाब जवळजवळ निम्मा झाला. पातळ आवरणाची गोळी जवळच्या अंतरावर फुटून विखुरते आणि कठीण गोळी दूरवर न फुलताच आरपार जाते. दोन्ही प्रसंगी जनावर जखमी होऊन दूर पळण्याची शक्यता वाढते, आणि ते टाळणे हेच या साऱ्या खटाटोपाचे प्रयोजन आहे.

गोळीच्या रचनेचा इतिहासही या अडचणीभोवतीच फिरतो. जॉन नॉस्लर यांना 1946 मध्ये कॅनडात मूस या महाकाय हरणाच्या शिकारीत गोळ्या पुरेशा खोल न शिरल्याचा अनुभव आला, आणि त्यातून त्यांनी शिशाच्या गाभ्यात तांब्याची आडवी भिंत असलेली गोळी तयार केली. तिचा पुढचा भाग फुलतो, भिंतीमागचा भाग अखंड राहून पुढे शिरत राहतो. पुढे संपूर्ण तांब्याच्या गोळ्याही आल्या. शिशाचे बारीक कण मांसात आणि मागे टाकलेल्या आतड्यांत राहतात, ते खाऊन कॅलिफोर्नियातील काँडोर गिधाडांना विषबाधा होत असे. त्या राज्यात 1 जुलै 2019 पासून शिकारीत शिशाच्या गोळ्यांवर पूर्ण बंदी आहे. मात्र तांबे शिशापेक्षा हलके असल्यामुळे तेवढ्याच वजनाची गोळी अधिक लांब होते, केसमधील जागा अधिक व्यापते आणि दाब वाढवते. म्हणून शिशाच्या गोळीसाठी ठरवलेले दारूचे माप तांब्याच्या गोळीला लावणे धोक्याचे आहे.

धोका वाढतो तो दारूच्या स्वभावामुळे. दाब वाढला की दारू अधिक वेगाने जळते आणि त्यामुळे दाब आणखी वाढतो, म्हणून मापातील किरकोळ वाढीचा परिणाम किरकोळ राहीलच असे नाही. 1906 च्या 35 रेमिंग्टन काडतुसासाठी कमाल दाबाची मर्यादा दर चौरस इंचाला 33,500 पौंड आहे, तर 308 विंचेस्टरसाठी ती 62,000 आहे. एकाच व्यासाच्या दोन रायफलींमध्येही अशी तफावत असू शकते. यामुळे चालू आवृत्तीच्या प्रमाणित तक्त्यातील सुरुवातीच्या मापापासूनच आरंभ करावा, आणि दुसऱ्याच्या रायफलीत जमलेले माप आपल्या रायफलीत कधीही थेट वापरू नये. नळीच्या आकाराचे मॅगझिन, म्हणजे काडतुसे ठेवण्याचा कप्पा, असलेल्या रायफलीत आणखी एक बंधन येते: तेथे एका काडतुसाचे टोक पुढच्या काडतुसाच्या प्रायमरला टेकते, म्हणून बोथट किंवा मऊ टोकाचीच गोळी चालते.

काडतूस भरणारे अनेक जण प्रत्येक गोळीचा वेग तंतोतंत सारखा यावा म्हणून पुष्कळ वेळ खर्च करतात. सेकंदाला 10 मीटरचा फरक पडला तर 180 मीटरवर गोळी सुमारे एक सेंटिमीटर वर किंवा खाली लागते, आणि हरणाच्या हृदय-फुफ्फुसांचा भाग साधारण 20 सेंटिमीटर रुंद असतो; त्यामुळे हा खटाटोप फारसा उपयोगाचा नसतो. कागदावर तीन गोळ्यांच्या छिद्रांचा एक घट्ट झुबका पाहून माप पक्के करणे त्याहून फसवे असते, कारण एवढ्या थोड्या नमुन्यात योगायोगाचा वाटा फार मोठा असतो. त्याऐवजी वेगवेगळ्या दिवशी थंड नळीतून उडवलेली पहिली गोळी एकाच कागदावर टिपत जावी. हंगामातल्या थंड सकाळी हरणावर सुटणारी गोळी तशीच पहिली असते, आणि दारूचा जळण्याचा वेग तापमानानुसार बदलत असल्यामुळे ही नोंद उन्हाळ्यात उरकून चालत नाही.