चेंडू डावीकडे पळतो आणि उजवीकडे अडतो, त्यात माऊसचा काय दोष?

जावा ही प्रोग्रामिंगची भाषा शिकताना पहिला गेम बहुतेकांचा हाच असतो, विंडोत एक चेंडू आणि माऊस नेऊ तिकडे तो मागे मागे येणार. आणि त्यावरची तक्रारही ठरलेली, चेंडू डावीकडे आणि वर झकास पळतो पण उजवीकडे आणि खाली जायचं म्हटलं की रेंगाळतो, स्पीड कमी ठेवला तर ढिम्म हलत नाही. मग सल्ले सुरू, माऊस बदल, सेन्सिटिव्हिटी वाढव, जावाच स्लो आहे रे. अहो, जावा स्लो असती तर चारही दिशांना स्लो असती ना! एकाच बाजूला झुकणारी चूक दिसली की ती हिशोबातली समजायची.

हिशोब असा. स्क्रीनवर शून्य-शून्य म्हणजे वरचा डावा कोपरा, एक्स उजवीकडे वाढतो आणि वाय खाली (शाळेतल्या आलेखात वर वाढायचा, इथे उलटं). समजा माऊस चेंडूच्या 200 पिक्सेल उजवीकडे आणि 100 पिक्सेल खाली आहे. पायथागोरसने अंतर येतं साधारण 223.6. चेंडूचा वेग फ्रेमला (म्हणजे स्क्रीनवर चित्र नव्याने काढायच्या दर फेरीला) 2 पिक्सेल ठेवला तर त्यातला उजवीकडचा वाटा 1.789 आणि खालचा 0.894. इथपर्यंत सगळं बरोबर.

आता चेंडूची जागा ज्या व्हेरिएबलमध्ये (आकडा साठवायच्या डब्यात) ठेवलीय तो इंट आहे, म्हणजे त्यात फक्त पूर्णांक मावतो. एक्स 100 असेल तर बेरीज होते 101.789, साठवलं जातं 101. वाय 100 असेल तर 100.894, साठवलं जातं 100. म्हणजे चेंडू तिरका जायचा सोडून सरळ आडवा निघाला, तोही अर्ध्या वेगाने. आता माऊस तेवढाच वर-डावीकडे न्या. 100 वजा 1.789 म्हणजे 98.211, साठवलं 98, चेंडू पूर्ण 2 पिक्सेल सरकला! वाय पण 99.106 वरून 99, म्हणजे पूर्ण 1. जाताना 1, येताना 2. कारण जावा अपूर्णांक राउंड करत नाही, दशांशचिन्हानंतरचं सरळ कापून टाकते, आणि कापणं नेहमी शून्याच्या दिशेने होतं. ऋण आकड्यांमध्ये म्हणूनच सगळं उलटतं, तिथे उजवीकडची चाल जोरात आणि डावीकडची लंगडी, थोडक्यात चेंडूला शून्याची ओढ असते आणि आपलं शून्य नेमकं त्या वरच्या डाव्या कोपऱ्यात बसलेलं असतं.

मग कंपायलर, म्हणजे आपला कोड तपासून मशीनसाठी तयार करणारा प्रोग्राम, ओरडत का नाही? तुम्ही ‘एक्स = एक्स + डीएक्स’ (डीएक्स म्हणजे उजवीकडचा तो 1.789 वाला वाटा) लिहिलं असतं तर ओरडला असता, डबल, म्हणजे दशांशवाला आकडा, इंटमध्ये मावत नाही म्हणून एरर दिली असती. पण आपण सगळे त्याच बेरजेचं छोटं रूप ‘एक्स += डीएक्स’ लिहितो आणि त्या += मध्ये जावा इंटचा कास्ट (म्हणजे उत्तराचा जबरदस्तीने इंट करणं) स्वतःच गुपचूप घालते, भाषेच्या नियमातच तसं आहे. मला हा नियम अजिबात आवडत नाही.

आणि हे फक्त गेमपुरतं नाहीये हां. कॅनडातल्या व्हँकुव्हर शेअर बाजाराचा निर्देशांक 1982 मध्ये 1,000 वर सुरू झाला, प्रत्येक हिशोबात तिसऱ्या दशांशानंतरचं राउंड न करता कापत गेले आणि 1983 च्या नोव्हेंबरपर्यंत तो 520 च्या आसपास आला. नीट हिशोब केल्यावर निघाला 1,098!

शोधायचं कसं, तर प्रत्येक फ्रेमला डीएक्स, आधीचा एक्स आणि नंतरचा एक्स प्रिंट करा आणि माऊस आळीपाळीने चारही कोपऱ्यांत नेऊन ठेवा. डीएक्स 1.789 दिसतोय आणि एक्स एकनेच वाढतोय, झालं, चोर सापडला. कुठेतरी +1 टाकून बघणं, स्लीपचा (दोन फ्रेममधल्या थांब्याचा) आकडा 10 चा 15 करून बघणं, याला डीबगिंग म्हणत नाहीत, हा अंगारा लावणं झालं. दसऱ्याला लॅपटॉपला झेंडूचं फूल मीही वाहतो, पण त्याने दशांश परत येत नाहीत.

उपाय एका ओळीचा, एक्स-वाय डबलमध्ये ठेवा आणि राउंड फक्त चित्र काढताना करा. पण मग दुसरंच भूत निघतं, चेंडू माऊसवर अगदी नेमका पोचला की अंतर शून्य होतं, आणि वाटा काढताना त्या अंतरानेच भागायचं असल्यामुळे आपण शून्याला शून्याने भागतो. डबलमध्ये अशा वेळी गेम क्रॅश होत नाही, उत्तर ‘नॅन’ येतं, म्हणजे संख्याच नाही. नॅनमध्ये काहीही मिळवा, नॅनच राहतं, आणि चित्र काढताना त्याचा इंट केला की जावा शून्य देते, त्यामुळे चेंडू टुणकन वरच्या डाव्या कोपऱ्यात जाऊन कायमचा चिकटतो. (इंट ठेवला असता तर कोपऱ्यात जाऊन पुन्हा चालू लागला असता, त्यावरूनही कुठला प्रकार आहे ते ओळखता येतं.) म्हणून भागाकाराच्या आधीच बघायचं, उरलेलं अंतर वेगापेक्षा कमी किंवा तेवढंच असेल तर चेंडू थेट माऊसवर ठेवून द्यायचा. माऊसजवळ पोचल्यावर चेंडू पुढे-मागे थरथरतो ना, तेही याच ओळीने थांबतं, कारण 1 पिक्सेल उरलेला असताना 2 ची उडी मारली की तो पलीकडे जातो आणि पुढच्या फ्रेमला परत अलीकडे येतो.