कुशनवरचा तो 'निवडुंग': सग्वारो की थोर?

आमच्या सोफ्यावरच्या अभ्र्यावर जैसलमेर छापलंय: वाळूच्या टेकड्या, उंटांची रांग आणि मावळतीला दोन्ही हात वर करून उभा एक निवडुंग. पाहुणे म्हणतात, "अरे, हा तर आपला थोर!" थोर नाही तो. आणि जैसलमेरचा तर मुळीच नाही.

तो सग्वारो, कॅक्टस कुळातला. अमेरिकेतलं दक्षिण ॲरिझोना आणि मेक्सिकोतलं सोनोरा, हाच मुख्यतः त्याचा मुलूख. वाढ इतकी संथ की पहिल्या दहा वर्षांत वितीएवढाही होत नाही. पहिला हात फुटायला बहुधा 50 ते 70 वर्षं लागतात. म्हणजे अभ्र्यावरचा दोन हातांचा गडी तुमच्या आजोबांच्या वयाचा धरा! पाऊस पडला की खोडावरच्या उभ्या चुण्या पाणी पिऊन फुगतात. तिथल्या तोहोनो ओओधम लोकांत उन्हाळ्यात लांब काठीने त्याची फळं पाडायची रीत आहे.

थोर युफोर्बिया कुळातला, एरंडाच्या गोतावळ्यातला. मराठीत दोघांनाही सर्रास निवडुंग म्हणतात, घोळ तिथूनच सुरू होतो. कुंपणाचा 'तीनधारी निवडुंग' हासुद्धा थोरच. फड्या निवडुंग मात्र खरा कॅक्टस, तोही मूळचा अमेरिकेचा. जोधपूरला मेहरानगडाच्या पायथ्याशी राव जोधा उद्यानात खडकांतून उगवलेली थोराची बेटं बघायला मिळतात. पावसाळ्यात त्यांना पानं येतात, मग गळून जातात. थोराला वाळूच्या टेकडीपेक्षा खडकच मानवतो.

दोघं दिसतात सारखे, कारण कोरड्या हवेत पाणी साठवायचा एकच उपाय दोघांनी वेगवेगळ्या खंडांत शोधला. ओळखायचं कसं? थोराला ओरखडा काढला की पांढरा चीक येतो. हे करून बघू नका, डोळ्यांत गेला तर दवाखाना गाठावा लागेल. त्यापेक्षा काटे पाहा. कॅक्टसचे काटे इवल्याशा लवदार गादीतून झुबक्याने निघतात (गादीवर गादी म्हणा हवं तर). थोराचे काटे धारेवर जोडीजोडीने बसतात.

हे कळल्यावर मी चष्मा लावून अभ्रा नीट पाहिला. चित्रकाराने काटे जोडीजोडीनेच काढलेत. झाड ॲरिझोनाचं, काटे थोराचे, उंट जैसलमेरचे.