विधवेची मालमत्ता आणि बदनाम उमराव : एक खुलासा

एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीच्या इंग्लंडमध्ये स्त्रीला मालमत्ताच बाळगता येत नसे, म्हणून प्रेमकथांतील, बदनाम नि कर्जबाजारी उमरावाशी लग्न करणारी स्वतंत्र विधवा निव्वळ काल्पनिक आहे, असे सांगितले जाते. हे विवाहितेपुरते बरेचसे खरे आहे, कारण तिचे कायदेशीर अस्तित्व पतीत विलीन होई. पती वारल्यावर मात्र ती स्वतःच्या नावे जमीन घेऊ शके, करार करी, दावा लावी, मृत्युपत्रही करी. खरा धोका पुनर्विवाहात होता : मालमत्ता आधीच विश्वस्तांच्या हाती सोपवली नसेल, तर तिची रोकड त्या कर्जबाजारी उमरावाची होई, आणि ही स्थिती मुख्यतः विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेविषयीच्या १८८२ च्या कायद्याने पालटली. (उमरावाची पदवी मात्र नुसत्या बदनामीने जात नसे.) पडताळणीसाठी १८५८ पूर्वीच्या इंग्रजी मृत्युपत्रांच्या ऑनलाइन सूची पाहाव्यात, तेथे असंख्य स्त्रियांच्या नावापुढे ‘विधवा’ अशी नोंद आढळते.