स्वमग्नतेचे चित्रण, दूरचित्रवाणीपटांतील

स्वमग्न (ऑटिझम असलेल्या) व्यक्तीला कुटुंबाच्या दुःखाचे निमित्त न करता, तिला जग जसे जाणवते तसे दाखवणारी कथनपद्धती. एचबीओ या अमेरिकन वाहिनीवर फेब्रुवारी २०१० मध्ये प्रसारित झालेला, मिक जॅक्सन दिग्दर्शित ‘टेंपल ग्रँडिन’ हा तिचा ठळक नमुना. पशुविज्ञानाच्या अमेरिकन अभ्यासक टेंपल ग्रँडिन (जन्म १९४७) यांच्या आत्मपर लेखनावर तो आधारलेला असून प्रमुख भूमिका क्लेअर डेन्स यांची आहे.

पटातील डॉक्टर मुलीच्या स्वमग्नतेचा दोष आईच्या मायेच्या अभावाला लावतो. ‘रेफ्रिजरेटर मदर’ (शीतपेटीसारखी थंड आई) या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या कल्पनेचे जनकत्व वादग्रस्त आहे. ते सहसा बालमानसशास्त्रावरील लेखक ब्रूनो बेटलहाइम यांना दिले जाते. त्यांच्या १९६७ च्या ग्रंथाने ती सर्वदूर पोचली, हे खरे. परंतु बालमानसोपचारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी १९४३ च्या निबंधात विकार जन्मजात मानूनही मायाळू आईबाप फार थोडे आढळल्याचे नमूद केले होते, आणि १९४९ मध्ये शीतपेटीची उपमाही त्यांनीच वापरली. त्यामुळे उगम कॅनर यांच्याकडे व प्रसार बेटलहाइम यांच्याकडे, हे मत अधिक ग्राह्य वाटते. मानसशास्त्रज्ञ बर्नार्ड रिमलँड यांनी १९६४ मध्ये जैविक कारणांची बाजू मांडली. ते स्वतः स्वमग्न मुलाचे वडील होते. १९६९ मध्ये कॅनर यांनीही पालकांना दोषमुक्त केले.

या वादाची छाया पडद्यावर दीर्घकाळ राहिली. एनबीसी या अमेरिकन वाहिनीवरील ‘सन-राइझ’ (१९७९) या पटात आईवडिलांच्या अथक प्रेमाने मूल बरे होते. आईच्या थंडपणाने विकार आणि मायेने उतारा, ही एकाच समजुतीची दोन टोके होत.

‘टेंपल ग्रँडिन’मध्ये मायेची जागा निरीक्षण घेते. दुकानाचे आपोआप सरकणारे दार तिला मान छाटणाऱ्या पात्यासारखे भासते आणि तिची पावले थबकतात. ॲरिझोनात मावशीच्या गुरांच्या वाड्यावर ती खोडा पाहते: दोन्ही बाजू आवळल्या की बिथरलेले जनावर निवते. घाबरलेली टेंपल स्वतःच त्यात शिरते, आणि पुढे महाविद्यालयात स्वतःसाठी तसेच यंत्र बांधते. मिठी सहन न होणाऱ्या मुलीला फळ्यांचा दाब हवासा वाटतो, हे कोणत्याही निवेदनाविना कळते. हेच या पटाचे मोठे यश.

न बोलणाऱ्या स्वमग्न व्यक्ती अशा पटांत क्वचितच केंद्रस्थानी असतात.

‘टेंपल ग्रँडिन’ला दूरचित्रवाणीसाठीचे सात एमी पुरस्कार मिळाले. अखेरच्या प्रसंगात, १९८१ च्या एका परिषदेत, टेंपल श्रोत्यांतून उठते आणि जमलेल्या पालकांना सांगते, की ती बरी झालेली नाही. ती कायम स्वमग्नच राहणार आहे.